भर उन्हातलं प्री-वेडिंग: फ्लॅश दोनशेचा, चारशेचा की सहाशेचा?

रावेरकडच्या एका भावाचा प्रश्न आहे. लग्नं आणि प्री-वेडिंग करतो, कॅमेरा निकॉन डी५६००, जोडीला एक साधा स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसणारा छोटा फ्लॅश). जोडपी केळीच्या बागेत, तापीकाठी, कधी थेट तोरणमाळला चला म्हणतात आणि पार्लर, प्रवास आवरून अकरा-बाराच्या उन्हात हजर होतात. चेहरे काळे पडतात. चेहरे उजळायला गेलं की आकाश पांढरं होतं. बॅटरीवर चालणारा फ्लॅश घ्यायचाय. गोडॉक्सचे एडी२०० प्रो, एडी४०० प्रो आणि एडी६०० प्रो असे तीन पाहून ठेवलेत (आकडे वॅट-सेकंदांचे, म्हणजे एका झटक्यातल्या ऊर्जेचे). दुकानदार म्हणतो सहाशेच घ्या, मित्र म्हणतो दोनशे पुरे. फिरणं मोटारसायकलवर आणि सोबत लाइट धरायला एक पोऱ्या. काय घेऊ?

भाऊ, उत्तर आधीच सांगतो: दोनशेचा घ्या. पण कारण समजून घेतल्याशिवाय पैसे काढू नका, कारण तुम्ही लिहिलेल्या गोष्टींपैकी दोन जरी बदलल्या तरी माझं उत्तर बदलेल.

तुमचा खरा प्रश्न वॅटचा नाही. भर दुपारी सूर्यासमोर चेहऱ्यावर पुरेसा प्रकाश पोचवायचा कसा, आणि तेही तुमच्या कॅमेऱ्याच्या मर्यादेत राहून, हा आहे. म्हणून हिशोब सूर्यापासून सुरू करू. निरभ्र दुपारी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० ला, १/१०० सेकंद शटरला एक्स्पोजर साधारण एफ/१६ येतं (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र, म्हणजे अॅपर्चर, बारीक). फ्लॅशसोबत डी५६०० चं शटर १/२०० च्या वर जात नाही, म्हणजे एफ/११. आकाश निळं हवं असेल तर तुम्ही या आकड्याच्या आसपास अडकलेले असता. आयएसओ आणखी खाली नेता येत नाही, शटर वर नेता येत नाही. उरतं फक्त अॅपर्चर, आणि ते जितकं बंद कराल तितका फ्लॅशचाही प्रकाश कापला जातो.

आता जोडप्याला सूर्याकडे पाठ करून उभं करा. तसंही करायलाच हवं, नाहीतर डोळे बारीक होतात आणि नवरीच्या कपाळाला घामाची चमक येते. चेहरा सावलीत गेला की त्याच्यावर फ्लॅशने एफ/८ इतका प्रकाश पडला तरी फोटो छान दिसतो. सूर्याच्या बरोबरीने एफ/११ मारलात तर चेहरा चिकटवल्यासारखा वाटतो. मी बहुतेक वेळा एक स्टॉप (म्हणजे निम्मा प्रकाश) कमीच ठेवतो. तर तुमची गरज ही: भर दुपारी, चेहऱ्यावर, एफ/८.

दोनशेचा फ्लॅश मध्यम सॉफ्टबॉक्समधून (प्रकाश मऊ करणाऱ्या कापडी पेटीतून), जोडप्यापासून दीड मीटरवर, पूर्ण ताकदीवर मारला तर एफ/८ च्या आसपास पोचतो. सॉफ्टबॉक्स कसला आहे, आतला पडदा एक की दोन, यावर अर्धा-एक स्टॉप इकडेतिकडे होतो. तोच तीन मीटरवर नेला तर दोन स्टॉप गेले, हातात एफ/४ उरतं. तिथे सूर्य जिंकतो.

दुकानदाराचं म्हणणं इथेच तपासून पाहा. वॅट-सेकंद दुप्पट झाले की एक स्टॉप वाढतो. दोनशेवरून चारशेला गेलात की एक स्टॉप, सहाशेला गेलात की दीडपेक्षा किंचित जास्त. याउलट फ्लॅश तीन मीटरवरून दीड मीटरवर आणला की पूर्ण दोन स्टॉप मिळतात. कितीतरी जास्त पैसे मोजून जेवढं मिळत नाही, तेवढं पोऱ्याला दोन पावलं पुढे बोलावून मिळतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी हे आधी करायला लावतो, कारण हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की वॅटचं आकर्षण आपोआप कमी होतं.

“पण फ्लॅश इतका जवळ आणला तर फ्रेममध्ये येईल ना?” येईल. कंबरेपर्यंतच्या फोटोत अडचण नाही, फ्लॅश फ्रेमच्या कडेला ठेवता येतो. खरी अडचण मोठ्या फ्रेमची: जोडपं छोटं, मागे सातपुड्याची रांग, वर मोकळं आकाश. तिथे दोन रस्ते आहेत. एक, कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, फ्लॅश फ्रेममध्ये ठेवूनच फोटो काढा, लगेच पोऱ्याला बाहेर बोलावून तीच फ्रेम रिकामी काढा आणि फोटोशॉपमध्ये पोऱ्या व स्टँड पुसून टाका. मागे आकाश किंवा माळरान असेल तर हे काही मिनिटांचं काम आहे. मागे केळीची पानं हलत असतील तर मात्र त्रास होतो. दुसरा रस्ता म्हणजे सॉफ्टबॉक्स काढून टाका आणि फ्लॅशच्या तोंडाला बसणाऱ्या साध्या रिफ्लेक्टरने (वाटीने) मारा. सॉफ्टबॉक्सने खाल्लेले दीड-दोन स्टॉप परत मिळतात आणि तीन मीटरवरूनही तुम्ही एफ/८ च्या जवळ येता. प्रकाश कडक होईल, हे खरं. पण भर दुपारचं ऊन मुळातच कडक असतं. त्याच्या शेजारी कडक फ्लॅश खटकत नाही. उलट मऊ, गुळगुळीत प्रकाशच कधीकधी परका वाटतो. फक्त फ्लॅश डोक्यापेक्षा थोडा वर आणि बाजूला ठेवा, म्हणजे नाकाची सावली खाली पडते.

आता हाय-स्पीड सिंक, म्हणजे कॅमेऱ्याच्या नेहमीच्या मर्यादेपेक्षा वेगवान शटरवर फ्लॅश वापरण्याची सोय. तिन्ही फ्लॅशच्या जाहिरातीत हे ठळक लिहिलेलं असतं आणि बरेच जण तेवढ्यासाठीच घेतात. तुमच्या डी५६०० मध्ये ती सोयच नाही. निकॉनच्या या श्रेणीत कंपनीने ती दिलेली नाही, त्यामुळे फ्लॅश कितीही भारी घेतला तरी १/२०० च्या पुढे जाता येणार नाही. पण त्यासाठी हळहळू नका. हाय-स्पीड सिंकमध्ये फ्लॅश एक मोठा झटका देण्याऐवजी बारीक बारीक झटक्यांची माळ लावतो आणि त्यात दोनेक स्टॉप ताकद सुरुवातीलाच जाते. पुढे शटर जितकं वाढवाल तितकं ऊन कमी होतं, पण फ्लॅशही तितकाच कमी होतो. म्हणजे सूर्याविरुद्धच्या लढाईत काही हाती लागत नाही. त्याचा खरा उपयोग एफ/२.८ ला जाऊन मागचं धूसर करण्यासाठी. ते काम तुमच्याकडे तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळसर काच) करतो: लेन्सवर लावला की एफ/११ चं एफ/४ होतं, ऊन आणि फ्लॅश दोन्ही सारखेच कमी होतात, प्रमाण बिघडत नाही. व्ह्यूफाइंडर थोडा अंधारतो, पण दुपारच्या उन्हात फोकस अडत नाही. फिल्टर मात्र बऱ्या कंपनीचा घ्या, स्वस्तातला घेतला तर त्वचेवर जांभळट झाक येते.

दुसरी एक गोष्ट विचारली नाहीत, पण पुढे कुणीतरी गळ्यात मारेल म्हणून सांगतो. व्हिडिओवाल्यांकडे दोनशे वॅटचा एलईडी असतो, तोच फोटोला वापरू असं वाटतं. उन्हात तो दिसतही नाही. १/२०० सेकंदाच्या शटरमध्ये दोनशे वॅटचा दिवा फक्त एक वॅट-सेकंद ऊर्जा वापरतो. दोनशेचा फ्लॅश तेवढ्याच वेळात आपला सगळा साठा ओततो. एलईडी विजेचा उपयोग जास्त चांगला करतो हे धरलं तरी ही दरी बुजत नाही. एलईडी संध्याकाळनंतर, हळदीच्या मांडवात, व्हिडिओसाठी. उन्हात नाही.

आता आपल्या भागाबद्दल, कारण परदेशी व्हिडिओ पाहून घेतलेला फ्लॅश इथे वेगळाच वागतो.

केळीच्या बागेपासून सुरू करू, कारण रावेर-यावलकडे अर्धी प्री-वेडिंग तिथेच होतात. दोन ओळींमधलं अंतर पाच-सहा फूट, त्यात पानं वरून लोंबत असतात. तिथे १२० सेंटीमीटरचा ऑक्टाबॉक्स (आठकोनी सॉफ्टबॉक्स) शिरतच नाही. शिरवलात तर पानं फाटतात आणि बागवानाचं नुकसान होतं. तिथे ६० ते ८० सेंटीमीटरचा छोटा सॉफ्टबॉक्स आणि हलका फ्लॅश हेच चालतं. ठिबकमुळे जमीन ओली असते, स्टँडचा एक पाय हळूच खचतो आणि फ्लॅशचं तीन किलोचं डोकं वर असेल तर क्षणात आडवं होतं. म्हणून बागेत मी स्टँड लावतच नाही, काठीला फ्लॅश लावून पोऱ्याच्या हातात देतो. आणि जोडप्याला आधीच सांगा, केळीचा चीक कपड्याला लागला की डाग जात नाही. भाड्याचा लेहेंगा असेल तर विशेषच.

बागेत ऊन पानांतून गाळून येतं, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे हिरवट दिसतात. व्हाइट बॅलन्सने ते पूर्ण सुटत नाही, कारण हिरवा रंग चेहऱ्याच्या एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असतो. फ्लॅशचा इथे फार मोठा उपयोग आहे. चेहऱ्यावर फ्लॅशचा पांढरा प्रकाश भारी पडला की हिरवी झाक धुऊन निघते आणि मागची बाग हिरवीगार राहते. शिवाय आत सावली असल्याने उघड्या उन्हापेक्षा दोन-तीन स्टॉप कमी प्रकाश असतो. म्हणजे तुम्ही ज्या जागी सर्वांत जास्त काम करता, तिथे दोनशेचा फ्लॅश अर्ध्या ताकदीवरही पुरतो.

तोरणमाळला गोष्ट उलट. यशवंत तलावाच्या काठाला किंवा कड्यावर जागा भरपूर, प्रकाश भरपूर आणि वाराही भरपूर. धुळ्याजवळ लळिंगच्या किल्ल्यावर तेच. सॉफ्टबॉक्स शिडासारखा वारा धरतो, आणि छत्री तर नेऊच नका. स्टँडला वजन हवंच. वाळूची पिशवी मोटारसायकलवर वाहण्यापेक्षा रिकामी पिशवी न्या आणि तिथेच दगड भरा. अशा उघड्या जागी, मोठ्या फ्रेमसाठी, चारशेचा फ्लॅश खरोखर उपयोगी पडतो. हे मी नाकारत नाही.

आणि उष्णता. जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि लग्नसराई नेमकी तेव्हाच. काळ्या रंगाचा फ्लॅश उन्हात उभा केला की त्याचं अंग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. वरून पूर्ण ताकदीवर सलग मारत राहिलात तर फ्लॅश आधी मंदावतो, मग स्वतःला वाचवायला थांबतो. यात मोठ्या फ्लॅशचा एक खरा फायदा आहे: जो प्रकाश दोनशेचा पूर्ण ताकदीवर देतो तोच चारशेचा अर्ध्या ताकदीवर देतो, त्यामुळे कमी तापतो आणि लवकर भरतो. दोनशेवर काम करायचं असेल तर हात आवरायला शिकायला हवं. पोझ लावा, फ्लॅश न मारता फ्रेम बघा, मग दोन-तीनच फोटो मारा. दोन पोझच्या मध्ये फ्लॅश सावलीत, पांढऱ्या उपरण्याखाली ठेवा. ओलं कापड टाकू नका.

बॅटरीचंही तसंच. पूर्ण ताकदीवर दोनशेचा सुमारे ५००, चारशेचा ३९० आणि सहाशेचा ३६० वेळा चमकतो असं कंपनी सांगते. नव्या बॅटरीला हे आकडे बरेचसे खरे ठरतात, त्यामुळे एका प्री-वेडिंगला एक बॅटरी पुरून उरते. पण लिथियम बॅटरीचा शत्रू ऊन आहे. बंद गाडीत, डिकीत, टाकीवरच्या बॅगेत दुपारभर राहिली की तिचं आयुष्य घटतं. जादा बॅटरी कोरड्या थर्माकोलच्या डब्यात न्या. बर्फाशेजारी ठेवू नका, बाहेर काढल्यावर तिच्यावर पाणी धरतं. घरी आल्याबरोबर गरम बॅटरी चार्जिंगला लावू नका, तास-दोन तास गार होऊ द्या. पावसाळ्यात काम थांबलं की अर्ध्याच्या आसपास चार्ज ठेवून कपाटात ठेवा, पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी नको. फुगलेली बॅटरी दिसली तर वापर तिथेच थांबवा, तिच्याशी धाडस नको.

वजनाचं थोडक्यात: दोनशेचा एक किलोच्या आत, चारशेचा दोन किलोच्या आसपास, सहाशेचा तीन किलोच्या घरात. मोटारसायकल आणि एक पोऱ्या असताना, तीन किलोचं डोकं काठीवर तासभर धरून तो हवा तिथे हवं तसं धरेल ही अपेक्षा चुकीची आहे. हात भरून आला की तो नकळत फ्लॅश मागे आणि खाली नेतो, आणि दीड मीटरचे अडीच मीटर होतात. सहाशेने दिलेला दीड स्टॉप तिथेच गेला.

मग सहाशेचा कुणासाठी? दुपारी दारासमोर दोन्हीकडच्या चाळीस पाहुण्यांचा ग्रुप उन्हात घ्यायचा असेल, गाडी असेल, दोन माणसं असतील आणि अशी कामं नेहमीची असतील, तर सहाशेच घ्या. तिथे फ्लॅश चार-पाच मीटर लांब ठेवावा लागतो आणि जवळ आणण्याची युक्ती चालत नाही. वर्षाकाठी दोन-चारदा असं काम येत असेल तर भाड्याने आणा, किंवा ग्रुप कडुनिंबाच्या सावलीत घ्या आणि मागेही सावलीच येईल अशी बाजू निवडा. माझ्या मते दुसरा उपाय पाहुण्यांनाही जास्त मानवतो.

आणि तुम्ही चारचाकीतून फिरत असता, बहुतेक काम उघड्या माळावर किंवा नदीपात्रात असतं, तर मी चारशेचा सांगितला असता. तुमचं जास्त काम बागेत, मोटारसायकलवर, एका पोऱ्यासोबत आहे. म्हणून दोनशेचा. पुढे काम वाढलं की दुसरा दोनशेचा घ्या. दोन डोकी एकत्र बसवून चारशेची ताकद करणारा ब्रॅकेट मिळतो, आणि नसेल जोडायचं तेव्हा एक चेहऱ्याला, एक मागून केसांना, असे दोन वेगळे लाइट हाती असतात. संध्याकाळी तापीकाठी हे फार कामी येतं. तेव्हा आकाशच एफ/४ वर आलेलं असतं, ताकद हवीच नसते. एकाला केशरी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावा, म्हणजे मावळत्या उन्हाच्या रंगाशी चेहऱ्याचा रंग जुळतो. नाहीतर सगळं सोनेरी आणि चेहरा तेवढा निळसर पांढरा राहतो.

काही ठिकाणी मात्र फ्लॅश बॅगेतच राहू द्या. अजिंठ्याच्या लेण्यांत तर फ्लॅशला मनाईच आहे. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जवळून घोड्याच्या डोळ्यात फ्लॅश मारला तर जनावर बुजतं आणि आसपास लेकरं असतात. नंदुरबारकडच्या काठी गावच्या राजवाडी होळीला ज्वाळांचा उजेड हाच फोटो असतो. तिथे फ्लॅशने तो पुसून टाकू नये, आणि नाचणाऱ्यांनाही त्रास देऊ नये.

घेण्याआधी एक काम करा. आहे त्या स्पीडलाइटवरच, ट्रिगर (कॅमेऱ्यावरून लांबचा फ्लॅश उडवणारं यंत्र) लावून, घरच्या एका माणसाला उन्हात पाठ करून उभं करा आणि फ्लॅश एक मीटर, दोन मीटर, तीन मीटरवर ठेवून फोटो काढा. स्पीडलाइट दोनशेच्या साधारण एक-तृतीयांश ताकदीचा असतो, पण अंतराचा नियम तोच. जमलं तर चाळीसगावला छायाचित्रकार कलामहर्षी केकी मूस यांचं कलादालनही पाहून या. घराबाहेर न पडता, टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंवर प्रकाश टाकून त्यांनी जे उभं केलं, ते पाहिल्यावर लाइट कुठे ठेवायचा याबद्दल आपण जास्त विचार करायला लागतो.

खरेदीच्या वेळी गोडॉक्सचा ट्रिगर निकॉन कॅमेऱ्यासाठीचाच मागा, डब्यावर कॅमेरा-कंपनीचं नाव तपासा. फ्लॅश सगळ्या कॅमेऱ्यांना चालतो, ट्रिगर नाही. उद्या कॅनन किंवा सोनी घेतलात तर फक्त ट्रिगर बदलावा लागेल. दोनशेच्या उघड्या ट्यूबला प्रवासात टोपी लावा. घाटरस्त्यावर ती बॅगेत मोकळी हलली की फुटते. जादा ट्यूब एक घेऊन ठेवा, ती घरी बदलता येते. जुना फ्लॅश घेत असाल तर दुकानातच पूर्ण ताकदीवर सलग वीस वेळा मारून बघा: भरायला लागणारा वेळ वाढत जातो का, ट्यूब काळवंडलीय का, बॅटरीचं अंग सपाट आहे का. पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या, नाहीतर वॉरंटीत दुरुस्तीला पाठवताना अडतं.

सहाशेसाठी बाजूला काढलेले पैसे उरतील, त्यातून या क्रमाने घ्या: ट्रिगर, जादा बॅटरी, ८० सेंटीमीटरचा घडी होणारा सॉफ्टबॉक्स, तीन स्टॉपचा एनडी आणि काठी. त्यानंतरही शिल्लक राहिली तर पोऱ्याची मजुरी वाढवा. दुपारभर फ्लॅश नेमक्या दीड मीटरवर धरून ठेवणारा माणूस टिकला पाहिजे.